तेरा, दहा आणि अक्काची पंचाहत्तरी

लिहिता लिहिता ओळ संपली की माणूस खाली येतो. त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पाटीवर अक्षरं गिरवायला लागल्यापासून मी हेच करत आलो, आणि सिंचाई विभागाच्या आवक-जावक शाखेत सव्वीस वर्षं काढली त्यात किती लाख वेळा खाली आलो असेन याची गणती नाही. टाइपरायटरला तर त्यासाठी चांगला दांडा असतो. तो ओढला की गाडी मुकाट्याने डाव्या काठाला जाते. पण एकोणपन्नासाव्या वर्षी मला कळलं की कॉम्प्युटरला हे सांगावं लागतं, आणि तेही आकड्यांत. त्या आकड्यांनी आमच्या घराचं काय केलं ते सांगतो. हसू आलं तर हसा. आमच्या घरात अजून कुणाला आलेलं नाही.

कॉम्प्युटरच्या वाटेला मी आपण होऊन गेलो नव्हतो. पंचाण्णव साली भोपाळहून हुकूम आला की प्रत्येक शाखेतल्या एका कर्मचाऱ्याने संगणक शिकावा. ज्या दिवशी नाव ठरलं त्या दिवशी मी पाठीत उसण भरून घरी पालथा पडलो होतो, त्यामुळे एकमताने माझी निवड झाली. उज्जैनच्या फ्रीगंजात टावर चौकाच्या मागे, एका मिठाईच्या दुकानावर ‘ज्ञानदीप कॉम्प्युटर्स’ होतं. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. आत एसी होता, पण तो मशीनसाठी. आम्ही त्यात फुकट कुडकुडत बसायचो. माझ्या उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं हे त्या खोलीत सगळ्यांना माझ्या नावाआधी कळलं. शिकवायला पूजा मॅडम होत्या. वय चोवीस. मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्या मला अंकल. यात कुणाचा मान राहत होता ते तुम्हीच ठरवा.

तर अक्का. अक्का म्हणजे माझी आई, अंबिकाबाई. मार्गशीर्षात तिला पंचाहत्तर वर्षं पुरी होणार होती. माझी बायको नंदा म्हणाली, दिवे ओवाळू, आपली माणसं जेवायला बोलावू. अक्काने ताटातल्या डाळीवरून मान वर केली नाही.

“श्रीपाद येणार असेल तर करा. नाहीतर मला उगाच पाटावर बसवू नका.”

“मग तू लिही ना त्याला,” मी म्हटलं.

“मी लिहिलं की त्याच्या शाळेला सुटी नसते. तू लिही. ते तुझ्याकडून राहिलंय.”

श्रीपाद माझा थोरला भाऊ, खंडव्याला हेडमास्तर. खंडवा म्हणजे काही काशी नव्हे. सकाळची बस धरली तर माणूस दुपारी उज्जैनला पोचतो. पण अकरा वर्षं तो आला नव्हता. बाबा गेले तेव्हा त्याला तार उशिरा मिळाली, आणि चक्रतीर्थाच्या स्मशानात मी त्याची वाट न पाहता अग्नी दिला. वैशाखाचं ऊन होतं, लोक घाई करत होते, भटजी घड्याळ पाहत होते. तरी मी थांबायला हवं होतं. तो मान थोरल्याचा. दुसऱ्या दिवशी दादा आला, राखेला हात लावला आणि म्हणाला, “एक दिवस थांबला नाहीस.” त्यानंतर ना तो आला, ना मी लिहिलं. अक्काला त्याची पत्रं यायची. त्यात सगळ्यांना आशीर्वाद असायचे. मी त्या सगळ्यांत आहे की नाही हे मी कधी विचारलं नाही. अक्का दर दिवाळीला फराळाचा एक डबा वेगळा भरून ठेवायची आणि तुळशीचं लग्न झालं की तो आम्हालाच वाढायची.

मी लिहायला बसलो. ‘ती. दादास’ इथवर ठीक झालं. पुढचं वाक्य क्षमेचं यायला हवं होतं आणि ते काही केल्या येईना. पाच कागद फाडले. आवक-जावकच्या माणसाला दुसऱ्यांची पत्रं पुढे सरकवायची सवय असते, स्वतःचं लिहायची नसते. आणि तेव्हाच मला ती दुर्बुद्धी सुचली. एकच छापील पत्र, अडतीस नातेवाइकांना, फक्त वरचं नाव वेगळं. त्या अडतिसांत दादाही. म्हणजे मी लिहिलंही आणि वाकलोही नाही. छापखानेवाला शंभराखाली कार्ड काढायला तयार नव्हता, आणि इकडे नंदा रोज विचारायची की दोन महिने मोजे झिजवून तुम्ही तिथे शिकलात तरी काय. मी म्हटलं, आता बघच.

पूजा मॅडमना कल्पना आवडली. त्यांच्या एका मशीनला देवनागरीचं कार्ड बसवलेलं होतं. “अंकल, पूरा मजकूर एका स्ट्रिंगमध्ये टाका. नाव तेवढं बदलत राहील, बाकी सगळं तेच.” स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ, दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये ओवायची. मी ओवली. वर श्री महाकालेश्वर, मग नाव, मग मजकूर, दिवस, वेळ, आपला विनायक. प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला. महाकालेश्वरापासून विनायकापर्यंत सगळं एका सलग रांगेत! जुन्या पोथीत असतं तसं, श्वास घ्यायला जागा नाही. देव, पाहुणे आणि मी एकमेकांना चिकटून उभे.

मी म्हटलं, सोपं आहे, जिथे खाली यायचं तिथे एन्टर दाबू. दाबलं. मशीनने असा काही चीत्कार केला की सगळ्या खोलीने माना वळवल्या. पडद्यावर लिहून आलं की माझी वाक्यरचना चुकली आहे. सव्वीस वर्षं सरकारी वाक्यं लिहिणाऱ्या माणसाला हे एका यंत्राने सांगावं!

“एन्टर नाही चालणार, अंकल,” पूजा मॅडम म्हणाल्या. “माळेच्या आत ओळ तोडायची तर कोड द्यावा लागतो. सीएचआर डॉलर, कंसात तेरा. त्याने प्रिंटरची गाडी डाव्या काठाला जाते. मग सीएचआर डॉलर, कंसात दहा. त्याने कागद एक ओळ वर सरकतो. दोन्ही अधिकचं चिन्ह देऊन जोडायचे.”

मी वहीत उतरवून घेतलं. तेवढंच केलं असतं तर बरं झालं असतं. पण नानाखेड्याला आमच्या शेजारी शरच्चंद्र बक्षी राहतात. रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून त्यांची झेंडी रिकामी पडली आहे, म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना थांबवतात. त्यांनी माझी वही पाहिली.

“तेरा? विनायकराव, तुम्ही भी कमाल करता! आईच्या मंगल कार्याच्या पत्रात तेरावा घालता?”

“बक्षीसाहेब, तो दिसत नाही. आतल्या आत असतो.”

“मग तर और खराब. जे दिसत नाही तेच नडतं. माझं ऐका, फक्त दहा टाका. एका नंबराने गाडी नाही हलणार का?”

मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी मी फक्त दहा टाकला. कागद सरकत होता पण गाडी डाव्या काठाला परत येत नव्हती. पहिली ओळ जिथे संपली तिथून दुसरी सुरू, तिच्या शेवटापासून तिसरी. सगळं पत्र घाटाच्या पायऱ्यांसारखं तिरकं उतरत गेलं, आणि आम्ही अगत्याने यावं असं जे म्हणत होतो ते उजव्या काठावरून पलीकडे पडलं.

घरी येऊन नंदाला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, पण दहावा तरी कुठे चांगला? दहाव्याला तर पिंड असतात.” हे ना मला सुचलं होतं ना बक्षीसाहेबांना. रात्रभर दोन्ही आकडे तोलले आणि तिसऱ्या दिवशी दहा काढून नुसता तेरा ठेवला. आता गाडी डाव्या काठाला यायची पण कागद हलायचा नाही. एकाच ओळीवर सगळं पत्र छापलं गेलं, महाकालेश्वरावर पाहुणे, पाहुण्यांवर तारीख. बघता बघता काळी पट्टी झाली, मग तिला भोक पडलं. पूजा मॅडमनी येऊन बटण बंद केलं. “अंकल,” त्या हळूच म्हणाल्या, “मशीनला सुतक नसतं. दोन्ही टाका.”

टाकले. दहावा आणि तेरावा दोन्ही घातल्याशिवाय ओळ खाली येत नव्हती हे मी बक्षीसाहेबांना आजतागायत सांगितलेलं नाही.

पण पत्र मात्र काय देखणं आलं! वर मधोमध महाकालेश्वर. खाली नाव. मग एक ओळ मोकळी, मग मजकूर. प्रत्येक ओळ जिथे मी सांगितलं तिथेच खाली येत होती. अडतीस पत्रं एकाला एक जोडलेली, प्रिंटरमधून घडी घालत बाहेर पडत होती, आणि त्यातल्या एकावर ‘ती. श्रीपाददादा’ असं आलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते नाव मी अकरा वर्षांत लिहिलं नव्हतं. यंत्राने लिहून टाकलं.

पाच वाजत आले होते. पुढची बॅच चपला काढून दारात उभी. त्या कागदाला दोन्ही बाजूंना भोकांच्या पट्ट्या असतात, त्या फाडून काढाव्या लागतात. पूजा मॅडम म्हणाल्या होत्या की आधी घडी घाला, मग सावकाश ओढा. माल जुना आहे, टोकाला बारीक छिद्रं नीट पडलेली नाहीत. मी सव्वीस वर्षं पावत्या फाडलेला माणूस. अंगठा लावला आणि सर्रकन ओढत गेलो. पट्टीबरोबर प्रत्येक पत्राचा वरचा उजवा कोपराही निघून येत होता. अडतीसच्या अडतीस पत्रांचा. मला दिसला नाही असं नाही. दिसला, पण माझे डोळे ओळींवर होते.

पत्रं घरी कुणाला दाखवली नाहीत, एकदम चकित करायचं होतं. सोमवारी ती पाकिटात न घालता नुसत्या तीन घड्या घालून, वर तिकिटं लावून, मागे माझं नाव-पत्ता लिहून फ्रीगंजच्या पोस्टात नेली. मोठी रांग होती. खिडकीतल्या बाबूने गठ्ठा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाला, “आप आगे आ जाइए, भाई साहब.” रांगेतली माणसं बाजूला झाली. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबूने स्वतः उठून गठ्ठा आत नेला. सरकारी खिडकीवर माझा असा आदर कधी झाला नव्हता. मला वाटलं, कॉम्प्युटरच्या छपाईचा हा प्रभाव. आपला देश पुढे चालला आहे, असंही मनात आलं.

बुधवारी सकाळी दहाला माझी धाकटी बहीण जयू देवासहून आली. फाटकातच तिने हंबरडा फोडला. “अक्का गं! मला तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीस गं!” नंदा पोळ्या टाकून धावली. मी अर्धी दाढी करून धावलो. अक्का मोरीतून नुकती न्हाऊन येत होती, ती ओल्या केसांनीच दारात आली आणि म्हणाली, “जयू, कोण गेलं गं?”

जयू मटकन पायरीवर बसली आणि तिने पिशवीतून माझं पत्र काढलं. तीन घड्यांचं, शिक्का मारलेलं, कोपरा फाटलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि असला प्रकाश शत्रूच्याही डोक्यात पडू नये. आमच्याकडे, आणि सगळ्या माळव्यातच, मरणाची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. असं पत्र घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्याने पाहतात, तिथेच फाडून टाकतात, आणि आंघोळीला जातात.

“अगं पण आत वाचायचंस तरी,” मी म्हणालो.

“कोपरा पाहिला, मागे तुझं नाव पाहिलं. पुढचं वाचायला डोळ्यांना काही दिसत होतं होय? हे तर शेजारणीने फाडलं नाही म्हणून राहिलं.”

तेवढ्यात बक्षीसाहेब खांद्यावर पंचा टाकून हजर. अक्काला पाहून ते जरा खट्टू झाल्यासारखे वाटले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “मी तर बोललोच होतो, तेरा नका डालू.”

मी चेहऱ्यावर अर्धा साबण तसाच घेऊन तारघरात गेलो. आमच्या घरी फोन नाही. यादीत नंबर लागायला अजून चार वर्षं आहेत. तारेचा मजकूर केला, ‘अक्का जिवंत. पत्र आनंदाचं.’ तारबाबूने वाचला.

“किसी की मृत्यु हुई है?”

“नहीं हुई, वही तो बता रहे हैं.”

“देखिए, मौत या गंभीर बीमारी की तार सबसे पहले जाती है. शादी की हो तो बधाई में डाल दूँ. आपकी किसमें डालूँ?”

“इसमें आदमी ज़िंदा है.”

“उसका कोई ख़ाना नहीं है,” तो शांतपणे म्हणाला, आणि साध्या तारांच्या तळाशी माझ्या तारा ठेवल्या. खंडव्याची तार शुक्रवारी पोचली. दादा बुधवारी रात्री पत्र हातात आल्यावर गुरुवारी पहाटेच निघाला होता.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास फाटक वाजलं. अक्का अंगणात उन्हाला बसून मेथी निवडत होती. दादा आत आला. अकरा वर्षांत तो म्हातारा झाला होता. अंगावर पांढरं धोतर, हातात ओल्या कपड्यांची पिशवी, आणि डोक्याचं मुंडण केलेलं. वाटेत मोरटक्क्याला उतरून, नर्मदेत बुडी मारून, क्षौर करून तो आला होता. यावेळी त्याला काही चुकवायचं नव्हतं.

अक्काने कपाळावर हात धरून पाहिलं. “श्रीपाद? केस काय केलेस रे?”

दादाच्या हातातली पिशवी पडली. तो तसाच चालत आला आणि मेथीच्या जुडीवर गुडघे टेकून त्याने तिच्या मांडीत डोकं घातलं. साठीला आलेला हेडमास्तर हुंदके देत होता. अक्का त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत होती, आणि तो हात थांबत नव्हता. मी खांबाला धरून उभा होतो. मला इतकं बरं आणि इतकं वाईट एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

मग तो उठला आणि माझ्याकडे वळला.

“मला बोलवायला हेच सुचलं तुला?”

“दादा, मुद्दाम नाही. ऐक तर. तेरा टाकला की गाडी काठाला येते, पण कागद—” अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी त्याला सीएचआर डॉलर समजावून सांगत होतो. दोन्ही आकडे सांगितले, जुन्या मालाची छिद्रं सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वर्गात ऐकतात तसं.

“अकरा वर्षं तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस,” तो म्हणाला. “तुझ्या नावाचं पत्र आलं, तेही कोपरा फाटलेलं. त्यात दुसरं काय असणार? मी उघडलंसुद्धा नाही. दारातच फाडलं. बाबांच्या वेळी निदान तार केली होतीस. म्हटलं, आईच्या वेळी पोस्टाने उरकलंस. आज सकाळी शाळेत शोकसभा झाली असेल. सातशे मुलं दोन मिनिटं उभी राहिली असतील. उद्या जाऊन मी त्यांना काय सांगू?”

“सांग, आई बरी आहे,” अक्का म्हणाली.

“मी तुझ्या नावाने नर्मदेत तीळ सोडून आलोय, अक्का.”

“बरं केलंस. एक काम झालं.”

तो हसला नाही. नंदाने चहा आणला, तो त्याने उभ्यानेच घेतला. अक्का म्हणाली, रविवारी पंचाहत्तरी आहे, तेवढी थांब. तो म्हणाला, शाळेला सुटी नाही. अक्काने आणखी आग्रह केला नाही. जाताना त्याने तिला वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली, आणि फाटकाशी मी गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, “यापुढे तुझं पत्र आलं किंवा तार आली, मी हात लावणार नाही. खरं काय आणि खोटं काय, मला आता कळायचं नाही.” मी त्याला देवास गेटच्या बसस्टँडपर्यंत सोडतो म्हटलं. तो नको म्हणाला आणि टेम्पोत बसला.

मी परत आलो तर अक्का चुरगळलेल्या मेथीतली चांगली पानं वेगळी काढत होती. ऊन उतरलं होतं. मी तिच्यासमोर बसलो. तिने मला ओरडावं असं वाटत होतं, पण ती ओरडली नाही.

“तो फाटकात म्हणाला ते ऐकलं मी,” ती म्हणाली.

“रागात बोलला गं.”

“राग नाही तो. शाळामास्तर आहे, बोलला ते पाळेल.” तिने दोन काड्या मोडल्या. “मी खरी जाईन तेव्हा पत्र नको आणि तारही नको, विनू. तू स्वतः खंडव्याला जा आणि त्याला घेऊन ये.”

“आणि तोवर तू?”

“मी थांबेन. बर्फाची लादी आणून ठेवा खाली. मला तेव्हा कुठली घाई असणार?”

मी मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढली. मग विचारलं, “आणि नाही आला तर?”

“येईल,” अक्का म्हणाली. “मी मेले म्हटल्यावर आज आलाच ना.”